मुंगूस आणि 'मॉन्गूस': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'मॉन्गूस' या इंग्रजी शब्दाबद्दल विद्यार्थी, शिक्षक, भाषांतरकार आणि प्राण्यांवर लिहिणारे वाचक सतत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला अर्थ, उच्चार आणि व्याकरण आहे, मग व्युत्पत्ती आणि शेवटी फसवी प्रकरणे. कोणतेही उत्तर सुटे वाचले तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॉन्गूस म्हणजे आपले मुंगूसच ना?

हो, पण इंग्रजी शब्दाचा आवाका मोठा आहे. आपण 'मुंगूस' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर शेताच्या बांधावरून सरकन जाणारे करड्या रंगाचे एकच जनावर येते. त्याचे इंग्रजी नाव 'इंडियन ग्रे मॉन्गूस'. अंग साधारण ३६ ते ४५ सेंटीमीटर, शेपटी जवळपास तेवढीच लांब, वजन एक-दीड किलोच्या आसपास. इंग्रजीत मात्र 'मॉन्गूस' हे 'हर्पेस्टिडी' या अख्ख्या कुळाचे नाव आहे. या कुळात तीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेत राहतात. केनियातल्या प्राण्यांवरच्या इंग्रजी लेखात 'मॉन्गूस' आला तर मराठीत नुसते 'मुंगूस' लिहू नका. 'पट्टेरी आफ्रिकी मुंगूस', 'बुटके आफ्रिकी मुंगूस' असे विशेषण जोडा, नाहीतर वाचकाच्या मनात चुकीचे जनावर उभे राहील.

२. उच्चार 'मॉन्गूस', 'मंगूस' की 'मोंगूज'?

ब्रिटिश उच्चार 'मॉङ्-गूस', अमेरिकी 'माङ्-गूस'. आघात पहिल्या अक्षरावर पडतो. शेवटी 'स' येतो, 'झ' नाही, म्हणजे 'मोंगूज' चूक. 'ग' स्पष्ट उच्चारायचा, गिळायचा नाही.

'मंगूस' हा उच्चार मात्र पूर्वी इंग्रजीतही होता. काही इंग्रजी कोश तो पर्यायी म्हणून देतात. तो मूळ भारतीय शब्दाच्या जास्त जवळचा. 'मॉ' कुठून आला ते पुढच्या उत्तरात आहे.

३. स्पेलिंगमध्ये 'यू'ऐवजी 'ओ' का? जुन्या पुस्तकांत वेगळे स्पेलिंग दिसते ते चूक आहे का?

आजचे प्रमाण स्पेलिंग: एम, ओ, एन, जी, ओ, ओ, एस, ई. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत, शिकारीच्या वर्णनांत आणि जिल्हा गॅझेटियरांत दुसऱ्या जागी 'ओ'ऐवजी 'यू' सापडतो. त्या काळी ते चूक नव्हते. अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा १८८६चा प्रसिद्ध कोश हा शब्द 'यू' घालूनच देतो. जुना उतारा उद्धृत करताना मूळ स्पेलिंग तसेच ठेवा, स्वतः लिहिताना 'ओ' वापरा.

इंग्रजीत 'एम' आणि 'एन'च्या शेजारी 'अ' हा ध्वनी 'ओ' अक्षराने लिहिण्याची जुनी सवय आहे. मंकी, मनी, लंडन या तिन्ही शब्दांत 'ओ' लिहितात आणि 'अ' म्हणतात. आपल्या शब्दातही 'ओ' त्याच सवयीने बसला असावा असे मानायला जागा आहे. पुढे हा शब्द ऐकण्यापेक्षा वाचून माहीत होणाऱ्यांची संख्या वाढली, त्यांनी अक्षराप्रमाणे 'मॉ' म्हटले आणि तेच रूढ झाले.

४. अनेकवचन 'मॉन्गूसेस' की 'मॉन्गीस'? परीक्षेत काय लिहावे?

'मॉन्गूसेस' लिहा, म्हणजे एकवचनापुढे फक्त 'एस'. लेखी इंग्रजीत, परीक्षेत आणि शास्त्रीय लेखनात हेच रूप निर्धोक आहे.

'गूस'चे अनेकवचन 'गीस', मग 'मॉन्गूस'चे 'मॉन्गीस' का नाही, हा प्रश्न आमच्याकडे सर्वात जास्त येतो. स्वर बदलून अनेकवचन करण्याची ही रीत इंग्रजीच्या फार जुन्या, जर्मानिक थरातली आहे. फुट-फीट, टूथ-टीथ, गूस-गीस, माऊस-माइस अशा मोजक्या शब्दांत ती उरली आहे. बाहेरून आलेल्या शब्दांना ती लागत नाही. 'मूस' हा उत्तर अमेरिकेतला मोठा सांबरासारखा प्राणी. त्याचे नाव तिथल्या मूलनिवासींच्या भाषेतून आले, म्हणून त्याचेही 'मीस' होत नाही, अनेकवचनातही 'मूस'च राहते. आपला शब्द सतराव्या शतकात भारतातून गेला आणि त्यात गूस हा पक्षी नाही (प्रश्न ५), म्हणून त्याला साधा 'एस' लागतो.

'मेरियम-वेबस्टर' या अमेरिकी कोशात 'मॉन्गीस' हे रूप दुय्यम पर्याय म्हणून दिले आहे. त्यामुळे कोणी ते वापरले तर तो शब्दच नाही असे म्हणता येणार नाही. आमचे मत मात्र ठाम आहे: ते टाळा. शब्द कुठून आला याचा चुकीचा समज त्या रूपात दडलेला आहे.

षष्ठीत एकवचनाला अपॉस्ट्रॉफी आणि मग 'एस'. अनेकवचनात 'मॉन्गूसेस' पूर्ण लिहून त्यापुढे फक्त अपॉस्ट्रॉफी.

५. शब्दाच्या शेवटी 'गूस' आहे. हंस-बदकाशी काही नाते?

प्राण्याचे नाही आणि शब्दाचेही नाही. परका शब्द कानावर पडला की बोलणारे त्याच्या अनोळखी भागाला आपल्या ओळखीच्या शब्दाचे रूप देतात. मराठी 'मुंगूस'मधला 'गूस' इंग्रजांना आयताच ओळखीचा वाटला आणि स्पेलिंगमध्ये पक्षी येऊन बसला. अर्थाशी त्याचा संबंध नव्हता, ध्वनी जुळला एवढेच. स्पॅनिश 'कुकाराचा'चे इंग्रजीत 'कॉक्रोच' झाले तेही असेच: कोंबडा आणि मासा अशी दोन ओळखीची नावे एका झुरळात शिरली. आवाराला आपण 'कंपाउंड' म्हणतो, तो शब्द मलय भाषेतल्या 'कांपुंग'वरून आला असे मानतात. तिथेही रसायनशास्त्रातल्या 'कंपाउंड'शी नाते नाही.

ज्यांना पक्षी हवाच आहे त्यांच्यासाठी: 'गूस' आणि आपला 'हंस' हे मात्र खरे नातलग आहेत. दोन्ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूतून आले. जर्मनमध्ये तो 'गान्स' आहे, तिथे अनुनासिक अजून ऐकू येतो. इंग्रजीत 'स'आधीचा 'न' गळला आणि स्वर लांबला, म्हणून 'गूस'. लॅटिनमधला 'आन्सेर' त्याच घरातला.

६. हा शब्द इंग्रजीत मराठीतून गेला हे खरे आहे, की आपली अभिमानाची समजूत?

खरे आहे. प्रमुख इंग्रजी कोश 'मॉन्गूस'च्या व्युत्पत्तीत मराठीचे नाव घेतात. काही कोश सोबत दख्खनी बोलीतले 'मंगूस' हे रूप देतात, काही पोर्तुगीजचा उल्लेख करतात (प्रश्न ७). हॉब्सन-जॉब्सनने तेलुगू रूप मूळ मानले आहे, पण 'मंगूस' हा दख्खनी आणि मराठी शब्द असल्याची नोंदही तिथे आहे.

इतिहास याला पुष्टी देतो. इंग्रजीतला शब्दाचा सुरुवातीचा छापील वापर जॉन फ्रायरच्या प्रवासवर्णनात आहे. फ्रायर ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य. १६७३ साली तो भारतात आला. त्याचा मुक्काम सुरत-मुंबईकडे होता, १६७५ मध्ये तो घाट चढून जुन्नरला गेला, कारवार-गोव्याकडेही फिरला. म्हणजे शिवकालीन मराठी मुलखात आणि त्याच्या कडेने. पुस्तक १६९८ मध्ये लंडनला छापले गेले. त्यात मुंगूस हे फेरेटच्या (युरोपात पाळला जाणारा लांबट, चपळ प्राणी) जातीचे जनावर असल्याचे तो सांगतो. इंग्रज वाचकाला फेरेट माहीत होता, म्हणून ही तुलना. शास्त्रीयदृष्ट्या ती बरोबर नाही (प्रश्न १२).

इंग्रज उत्तरेत आधी रुजले असते तर आज इंग्रजीत 'नेवला'वरून आलेला एखादा शब्द असता. पश्चिम किनाऱ्यावर, मराठी बोलणाऱ्यांत त्यांची वखार होती, म्हणून आपला शब्द गेला. ही गोष्ट मराठी वर्गात आवर्जून सांगण्याजोगी आहे.

७. मग पोर्तुगीजांचा काय संबंध? गोव्यातून गेला असे म्हणतात.

गोवा १५१० पासून पोर्तुगीजांकडे होता. मराठी-कोंकणी मुलखातल्या वस्तूंची आणि प्राण्यांची नावे युरोपात नेणारे ते पहिले. त्यामुळे काही कोशकार शब्दाची वाट मराठी, मग पोर्तुगीज, मग इंग्रजी अशी दाखवतात आणि काही थेट मराठीतून इंग्रजीत आणतात. फ्रायरसारख्याचा प्रवास पाहिला तर दोन्ही वाटा शक्य होत्या. त्याचा पोर्तुगीजांशी संबंध आला आणि मराठी बोलणाऱ्यांशीही. उत्तरपत्रिकेत 'मराठीतून, बहुधा पोर्तुगीजमार्गे' असे लिहिले तर ते कोणत्याच प्रतिष्ठित कोशाच्या फार विरोधात जात नाही.

८. 'मुंगूस' हा शब्द मूळचा मराठीच का? संस्कृतमध्ये तर 'नकुल' आहे.

आमच्या मते हा सगळ्या पानावरचा सर्वात मोलाचा प्रश्न.

संस्कृत 'नकुल' प्राकृतात 'णउल' झाला. त्यातून हिंदीत 'नेवला', गुजरातीत 'नोळियो', बंगालीत 'नेउल' आले. (बंगालीत 'बेजी'ही म्हणतात.) उत्तरेकडच्या आर्यभाषांनी संस्कृतचा वारसा असा चालवला. मराठी त्याच कुळातली, तरी तिने इथे वेगळी वाट धरली. शेजारी पाहा: कन्नडमध्ये 'मुंगुसि', तेलुगूत 'मुंगिस'. तमिळ आणि मल्याळममध्ये मात्र 'कीरि'. म्हणजे 'मुंगूस'चे सख्खे भाऊ दक्षिणेला, आपल्याला लागून असलेल्या दोन द्राविड भाषांत आहेत. म्हणून बहुतेक कोशकार शब्दाचे मूळ द्राविड मानतात. कोंकणीतही तो याच रूपात आहे.

तेव्हा काटेकोर उत्तर असे: इंग्रजीला शब्द दिला मराठीने, आणि मराठीला तो मिळाला दख्खनच्या जुन्या शेजारातून. यात कमीपणा काहीच नाही. शतकानुशतके कन्नड आणि तेलुगू शेतकऱ्याच्या बांधाला बांध लावून राहिलेल्या भाषेत असे शब्द असणारच. ते आहेत म्हणूनच मराठी हिंदीची नक्कल वाटत नाही.

'नकुल' मराठीत आहेच, पण पांडवांपैकी चौथ्याचे नाव म्हणून आणि ग्रंथांत. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातले अर्धे अंग सोन्याचे असलेले मुंगूस संस्कृतात 'नकुल'च. गावात मात्र मुलांनी 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव' असेच म्हटले. 'नकुला तोंड दाखव' असे कोणी म्हटले नाही.

९. हा शब्द मराठीने इंग्रजीतून परत घेतला का? उच्चार इतका सारखा आहे म्हणून विचारतो.

नाही. सारखेपणा आहे तो इंग्रजीने आपले रूप जवळपास जसेच्या तसे उचलले म्हणून. मराठी शब्दाचे जुनेपण दोन गोष्टींवरून कळते. एक, कन्नड-तेलुगूतली भावंडे (प्रश्न ८). दोन, त्याचे व्याकरण. 'मुंगूस' मराठीत पूर्ण विकार पावतो: मुंगसाला, मुंगसाचे, अनेकवचनी मुंगसे. इंग्रजीतून आलेले शब्द असे आतून बदलत नाहीत. 'स्कूल'चे 'स्कलाला' होत नाही. लेखनाचे नियम प्रश्न १८ मध्ये आहेत.

१०. 'मूग' आणि शास्त्रीय नावांतला 'मुंगो' हे एकच का?

दोन वेगळे शब्द आहेत, शास्त्रीय लॅटिनात ते एकसारखे दिसतात म्हणून घोटाळा होतो.

'विग्ना मुंगो' या नावातला 'मुंगो' हा मुगाचा आहे. त्यातही गंमत अशी की हे नाव मुगाचे नाहीच, उडदाचे आहे. मुगाचे शास्त्रीय नाव 'विग्ना रेडिएटा'. वनस्पतीची यादी भाषांतरित करताना इथे हमखास चूक होते.

'मुंगोस मुंगो' हे आफ्रिकेतल्या पट्टेरी मुंगसाचे शास्त्रीय नाव. हा 'मुंगो' आपल्या मुंगसाचा. भारतातला शब्द युरोपी शास्त्रज्ञांनी भारतात न सापडणाऱ्या जातीला चिकटवला.

'ओफिओऱ्हायझा मुंगोस' ही पश्चिम घाटातही मिळणारी एक छोटी वनस्पती. साप चावल्यावर मुंगूस ही मुळी खाऊन विष उतरवते, या समजुतीवरून १७५३ मध्ये प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसकडे हे नाव आले. समजूत निराधार आहे. वनस्पती मात्र दुसऱ्या कारणाने महत्त्वाची ठरली: तिच्यात कॅम्प्टोथेसिन असते आणि कर्करोगावरची काही औषधे त्या द्रव्यापासून बनतात.

११. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'इक्न्यूमन' लिहिलेले असते. त्याचे भाषांतर काय करावे?

संदर्भ सस्तन प्राण्याचा असेल तर 'मुंगूस'. हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ 'माग काढणारा'. प्राचीन ग्रीक आणि रोमन लेखक इजिप्तमधल्या मुंगसाला असे म्हणत. 'मॉन्गूस' रुजण्याआधी आणि नंतरही बराच काळ इंग्रज निसर्गअभ्यासक भारतीय मुंगसालाही हेच नाव देत राहिले. इजिप्तच्या जातीचे शास्त्रीय नाव आजही 'हर्पेस्टेस इक्न्यूमन' आहे.

पण पुस्तक कीटकांवरचे असेल तर सावध राहा. तिथे 'इक्न्यूमन' म्हणजे दुसऱ्या किड्यांच्या अळीत अंडी घालणारी परजीवी गांधीलमाशी. शेतीच्या लेखांत बहुतेक वेळा हाच अर्थ असतो.

१२. वीझल, फेरेट, सिव्हेट, मीरकॅट, ऑटर: यांपैकी मुंगूस कोण?

फक्त मीरकॅट. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशात मागच्या पायांवर उभा राहून टेहळणी करणारा हा प्राणी मुंगसाच्याच कुळातला आहे, जरी त्याच्या इंग्रजी नावात 'मॉन्गूस' नाही.

वीझल, फेरेट आणि ऑटर वेगळ्या कुळातले, 'मस्टेलिडी'. दिसायला लांबट आणि चपळ म्हणून वीझलला सर्रास 'मुंगूस' लिहिले जाते. युरोपातल्या गोष्टीचे भाषांतर असेल तर 'वीझल' तसेच ठेवून एखाद्या शब्दाने ओळख करून देणे बरे. ऑटर म्हणजे पाणमांजर. सिव्हेट म्हणजे ऊदमांजर. यातले सिव्हेट मुंगसाला वीझलपेक्षा नात्याने जवळचे आहे. मांसभक्षकांच्या मांजराकडच्या आणि कुत्र्याकडच्या अशा दोन मोठ्या शाखा आहेत. मुंगूस, सिव्हेट आणि तरस मांजराच्या शाखेत येतात, वीझल कुत्र्याच्या.

१३. 'मॉन्गूस लीमर' हे मुंगूस आहे का?

अजिबात नाही. तो मादागास्करचा लीमर, म्हणजे माकडांच्या दूरच्या नात्यातला. अठराव्या शतकात इंग्रज आणि फ्रेंच निसर्गअभ्यासकांनी हेच नाव या प्राण्यालाही दिले. १७६६ मध्ये लिनियसने ते शास्त्रीय नावात घेतले, त्यामुळे आजही तो 'युलेमूर मोंगोझ' आहे. अठराव्या शतकातल्या फ्रेंच ग्रंथात 'मोंगूस' दिसला तर तो लीमर असण्याची शक्यता आधी तपासा. फ्रेंचमध्ये मुंगसाला 'मांगुस्त' म्हणतात.

१४. हा शब्द आणखी कोणत्या भाषांत पोहोचला?

फ्रेंच मांगुस्त, इटालियन मांगुस्ता, स्पॅनिश मांगोस्ता, पोर्तुगीज मांगुस्तो, डच मांगूस्त, रशियन मांगुस्त. जर्मनमध्ये मांगुस्ते आणि मुंगो दोन्ही. क्रोएशियन भाषेत तर 'मुंगोस', जवळजवळ आपलाच उच्चार. जपानीत मांगूसु, तो इंग्रजीतून गेला. अरबीत मात्र स्वतंत्र शब्द आहे, 'निम्स'.

फ्रेंच, इटालियन अशा लॅटिनमधून निघालेल्या (रोमान्स) भाषांतला शेवटचा 'त' आपल्या शब्दात नाही, तो युरोपात जोडला गेला.

१५. जमैका, हवाई, ओकिनावा इथे मुंगूस आणि त्याचे नाव कसे गेले?

उसामुळे. उसाच्या मळ्यांत उंदरांनी धुमाकूळ घातला तेव्हा मळेवाल्यांनी मुंगसे मागवली. १८७२ मध्ये डब्ल्यू. बॅनक्रॉफ्ट एस्प्यूट या मळेवाल्याने कलकत्त्याहून जमैकाला नऊ मुंगसे नेली, चार नर आणि पाच माद्या. त्यांची पिलावळ कॅरिबियन बेटांवर पसरवली गेली. १८८३ मध्ये जमैकाहून ७२ मुंगसे हवाईला गेली. फिजीतही १८८३ मध्येच आणली. १९१० मध्ये ओकिनावात विषारी हाबू सापावर उपाय म्हणून आणि त्याच वर्षी क्रोएशियातल्या म्ल्येत बेटावर विषारी सापांवर उपाय म्हणून सोडली. क्रोएशियन 'मुंगोस' ऐकू येतो तो याच बेटांच्या बाजूला.

ही जात आपल्या अंगणातली करडी नव्हे, तर 'स्मॉल इंडियन मॉन्गूस', उत्तर भारतातली लहान जात. भाषांतरात या दोघींची गल्लत करू नका.

उपाय फसला. मुंगूस दिवसा शिकार करते आणि उंदीर मुख्यतः रात्री बाहेर पडतात, त्यामुळे गाठ कमीच पडली. जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि समुद्री कासवांची अंडी मात्र आयती सापडली. आज ही जात जगातल्या सर्वाधिक घातक शंभर उपऱ्या जातींच्या यादीत आहे. अमेरिकेने १९००च्या लेसी कायद्यात ज्या थोड्या प्राण्यांच्या आयातीवर नाव घेऊन बंदी घातली त्यांत मुंगूस आहे, म्हणजे दख्खनचा शब्द अमेरिकी कायद्याच्या मजकुरात गेला. जपानच्या अमामी बेटावर १९७९ मध्ये मुंगसे सोडली होती. अनेक वर्षे सापळे लावल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये तिथून ती नाहीशी झाल्याचे सरकारने जाहीर केले.

१६. महाराष्ट्रातल्या जातींची इंग्रजी नावे कशी लिहावीत? 'हर्पेस्टेस' बरोबर की 'उर्वा'?

'इंडियन ग्रे मॉन्गूस' सगळीकडे दिसते. 'रडी मॉन्गूस' तांबूस असते, जंगलात राहते, शेपटीचे टोक काळे आणि वर वळलेले. ओळख पटवायला ही शेपटीच बघावी. 'स्ट्राइप-नेक्ड मॉन्गूस' सह्याद्रीतले. ते आशियातल्या मुंगसांत आकाराने सर्वात मोठे आणि मानेच्या बाजूला काळा पट्टा असलेले. 'स्ट्राइप-नेक्ड'मध्ये संयोगचिन्ह द्यायचे. 'ग्रे'चे स्पेलिंग ब्रिटिश लेखनात 'ई'ने, अमेरिकी लेखनात 'ए'ने. एका लेखात एकच ठेवा.

शास्त्रीय नावात बदल झाला आहे. जनुकीय अभ्यासातून आशियातल्या जाती आफ्रिकेतल्यांपासून वेगळ्या पडल्या आणि त्यांना 'उर्वा' या प्रजातीत नेले. म्हणून करड्या मुंगसाचे आजचे नाव 'उर्वा एडवर्डसी', जुन्या पुस्तकांतले 'हर्पेस्टेस एडवर्डसी' म्हणजे तेच. 'उर्वा' हा शब्द हॉजसन या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने नेपाळमधल्या खेकडे खाणाऱ्या मुंगसाच्या स्थानिक नावावरून घेतला. लेखात नवे नाव द्या, आणि वाचक जुन्या पुस्तकांशी ताडून पाहणार असेल तर जुनेही.

१७. इंग्रजी वाक्यात वापरताना काय चुकते? वाक्प्रचार आहेत का?

आधी उपपद: 'अ', 'अॅन' नव्हे. सर्वनाम 'इट', गोष्टीतल्या पात्रासाठी 'ही' किंवा 'शी'. पिलाला 'पप' म्हणतात, 'किटन' नव्हे. नर-मादीसाठी वेगळे शब्द नाहीत, 'मेल' आणि 'फीमेल' जोडायचे. कळपासाठी 'पॅक' किंवा 'बँड' चालते, पण करडे मुंगूस बहुधा एकटेदुकटेच असते. त्याच्याबद्दल 'पॅक' लिहिले की माहितगाराला खटकते. तो शब्द आफ्रिकेतल्या पट्टेरी मुंगसांना शोभतो.

आपल्या 'साप-मुंगसाचे वैर'सारखा इंग्रजीत घट्ट वाक्प्रचार नाही. मुंगूस आणि नाग ही जोडी मात्र इंग्रजी वाचकाला ठाऊक आहे, मुख्यतः मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या 'जंगल बुक' या १८९४च्या पुस्तकातल्या 'रिकी-टिकी-टावी' या मुंगसाच्या गोष्टीमुळे. म्हणून 'लाइक अ मॉन्गूस अँड अ कोब्रा' असे लिहिले तर समजते. 'लाइक स्नेक अँड मॉन्गूस' हे शब्दशः भाषांतर वाटते, कारण तिथे साप म्हणजे कोणताही साप नसून नाग आहे.

नावांतही ही जोडी चालली आहे. डे तोमासो या इटालियन कंपनीची 'मांगुस्ता' मोटार आणि ए-१२९ 'मांगुस्ता' हे लढाऊ हेलिकॉप्टर, दोन्ही 'कोब्रा' नावाच्या प्रतिस्पर्ध्याकडे बोट दाखवतात. क्रिकेटवाल्यांना मॅथ्यू हेडनने २०१० च्या आयपीएलमध्ये चेन्नईकडून वापरलेली लांब दांड्याची, आखूड पात्याची 'मॉन्गूस' बॅट आठवेल.

'इम्यून टू व्हेनम' हे विशेषण जपून वापरा. मुंगसाच्या स्नायूंवरच्या ग्राहकप्रथिनाची रचना वेगळी असल्याने नागाचे मज्जाविष त्याला कमी भिनते, पण ते पूर्ण अभेद्य नाही. 'रेझिस्टंट' म्हणणे बरोबर.

१८. मराठीत लिहिताना 'मुंगूस' कसे चालवावे?

'माणूस' चालवता तसे. शेवटून दुसरा दीर्घ 'ऊ' सामान्यरूपात 'अ' होतो: माणूस-माणसाला, पाऊस-पावसाला, बेडूक-बेडकाला, तसेच मुंगूस-मुंगसाला, मुंगसाने, मुंगसांचे. 'मुंगूसाला' आणि 'मुंगुसाला' ही दोन्ही रूपे छापील मजकुरात दिसतात, प्रमाणलेखनात दोन्ही टाळावीत. एकवचनात 'मुंगूस' दीर्घच. लिंग नपुंसक: ते मुंगूस, ती मुंगसे. हिंदी 'नेवला'च्या प्रभावाने 'तो मुंगूस' लिहिले जाते, त्याची गरज नाही.

मराठी मजकुरात 'मॉन्गूस' लिहायची वेळ फक्त नावांत येते: बॅटचे नाव, सायकलचे नाव, लीमरचे नाव. एरवी 'मुंगूस'च लिहावे.

१९. चित्रकलेच्या ब्रशवर 'मॉन्गूस' लिहिले आहे. खरेच मुंगसाचे केस असतात का? घ्यावा का?

दोन प्रकार असतात. 'इमिटेशन मॉन्गूस' किंवा 'सिंथेटिक मॉन्गूस' लिहिले असेल तर ते कृत्रिम तंतू. मुंगसाच्या केसांसारखी लवचीकता आणि गडद-फिकट पट्ट्यांचा रंग त्यांना दिलेला असतो. हा ब्रश घ्यायला हरकत नाही, तैलरंगाला तो चांगला चालतो.

नुसते 'मॉन्गूस हेअर' लिहिले असेल किंवा दुकानदार 'असली' म्हणून विकत असेल तर घेऊ नका. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याचे केस आणि त्यांचे ब्रश विकणे, विकत घेणे, जवळ बाळगणे, सगळे गुन्हा आहे. परदेशातून मागवणेही अडचणीचे, कारण भारताने करड्या मुंगसाची नोंद 'साइट्स' या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात केली आहे. केसांसाठी मुंगूस मारले जाते आणि एकाच्या अंगावरून मिळणारे कामाचे केस थोडेच असतात, म्हणून थोड्या ब्रशांसाठी पुष्कळ मुंगसांचा बळी जातो. लेबलावर काहीच लिहिलेले नसेल आणि केसावर गडद-फिकट-गडद असे नैसर्गिक पट्टे दिसत असतील, तर विक्रेत्याकडून तंतूचा प्रकार बिलावर लिहून मागा. तो लिहून देत नसेल तर ब्रश परत ठेवा आणि वनविभागाला कळवा.